राखीव जंगल आणि दवाखान्याचे बिल

बोर्निओ बेटाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमांतान प्रांतात, सुकादाना नावाचे छोटे जिल्ह्याचे ठिकाण आहे. तिथून आत निघाले की आधी भातखाचरे लागतात, मग रबराच्या आणि दुरियानच्या बागा, आणि बागा संपतात तिथे गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यान सुरू होते. हे जंगल १९३७ पासून कुठल्या ना कुठल्या नावाने राखीव आहे आणि १९९० मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झाले. क्षेत्र सुमारे १,०८,००० हेक्टर. किनाऱ्यावरच्या खारफुटीपासून पीटच्या, म्हणजे न कुजलेल्या पालापाचोळ्याच्या मातीच्या, दलदलीतून चढत १,११६ मीटर उंचीच्या शिखरापर्यंत सलग जंगल. अंदाजे अडीच हजार ओरांगउटान इथे राहतात.

असे जंगल कोणी आणि कसे राखायचे, याचे ठरलेले उत्तर म्हणजे नकाशावर रेघ, रेघेवर पाटी आणि पाटीपाशी वनरक्षक. या उत्तराची परीक्षा होऊन गेली आहे. १९८५ ते २००१ या काळात कालिमांतानमधल्या राखीव सखल जंगलांपैकी ५६ टक्क्यांहून अधिक क्षेत्र उजाड झाले, असे २००४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने उपग्रहचित्रांवरून दाखवले. ही सगळी जंगले कागदावर राखीव होती. १९९८ मध्ये सुहार्तोंची राजवट कोसळली, अधिकार जिल्ह्यांकडे गेले आणि लाकडाचा बाजार मोकाट सुटला, हे खरे. पण रेघ, पाटी आणि रक्षक तेव्हाही जागेवरच होते. म्हणून या लेखाचे म्हणणे असे, की जंगलाच्या काठावरच्या घराला रोकड कशासाठी लागते हे आधी पाहावे आणि संरक्षणाचा पैसा पहिल्यांदा तिथे घालावा. त्या काठावर ही गरज बहुतेक वेळा आजारपणाची असते.

इंडोनेशियात ग्रामपंचायतीच्या पातळीला देसा म्हणतात आणि देसाच्या पोटातल्या वस्तीला दुसुन. आपल्याकडच्या गाव आणि वाडीशी हे बरेचसे जुळते. अशा वाडीतल्या घराचे भात खाण्यापुरते असते. रबराच्या चिकाचे पैसे थोडेथोडे येतात, आणि २०११ नंतर रबराचा भाव कोसळल्यावर तेही आटले. दुरियान हंगामी, मासळी भरवशाची नाही. एवढ्यावर घर चालते. पण बाळंतपण अडले, हाड मोडले, पोराचा ताप मेंदूत गेला, की एका रात्रीत मोठी रक्कम उभी करावी लागते, आणि तेवढ्या लवकर रोख पैसा देणारी एकच वस्तू आसपास उभी असते.

झाड पाडणे हे एकट्याचे काम नाही. दोघेतिघे चेनसॉ घेऊन जातात. कालिमांतानमध्ये तिला ‘सेन्सो’ म्हणतात. मेरांती किंवा बेलियानचा आख्खा ओंडका दलदलीतून ओढून नेता येत नाही, म्हणून तो पडल्या जागीच चिरून त्याच्या फळ्या आणि तुळया करतात. नंतर आडव्या लाकडांची घसरवाट करून त्या ओढत न्यायच्या, किंवा पीटमध्ये खणलेल्या चरातून तरंगवत काठावर आणायच्या. काठावर दलाल असतो. तो आदल्या दिवशीच पैसे देऊन मोकळा झालेला असतो. ऊसतोडीची उचल ज्याला ठाऊक आहे त्या मराठी वाचकाला हे गणित उलगडून सांगायला नको. रुग्ण बरा होऊन घरी येतो, उचल मात्र अंगावर राहते आणि ती लाकडातच फेडायची असते. भाव दलालाचा, मोजमापही त्याचेच. या भागात काम सुरू करणाऱ्या डॉक्टर किनारी वेब एक उदाहरण सांगत आल्या आहेत: एका सिझेरियनच्या बिलासाठी ६० झाडे कापली गेली.

कायदा या साखळीत कुठे पोहोचतो? २०१३ चा वनगुन्ह्यांचा कायदा (क्रमांक १८) परवान्याशिवाय झाड तोडणाऱ्याला एक ते पाच वर्षे कैद सांगतो. तोडणारा जंगलाच्या आत किंवा काठावर राहणारा असेल, तर शिक्षा तीन महिने ते दोन वर्षे कैद किंवा दंड इतकी खाली येते. म्हणजे काठावरच्या माणसाची मजबुरी कायदा करणाऱ्यांनाही दिसत होती. पण तीन महिन्यांच्या कैदेतही घरातला कमावता माणूस जातो, वकिलाचा खर्च येतो आणि घर पुन्हा त्याच दलालाच्या दारात उभे राहते. शिवाय सापडतो तो करवत चालवणारा. करवतीचा आवाज लांबवर जातो, तसा गस्तीच्या माणसांच्या येण्याचा निरोपही जातो. त्यांना दलदलीतून पोहोचायला वेळ लागतो, आणि तोवर उचल देणारा गावात निवांत असतो.

२००७ मध्ये सुकादाना परिसरात ‘अलाम सेहात लेस्तारी’, थोडक्यात ‘आस्री’, या संस्थेने दवाखाना सुरू केला. किनारी वेब यांच्याबरोबर दंतवैद्य होतलिन ओम्पुसुंगु त्यात पहिल्यापासून होत्या. आधी उद्यानाभोवतीच्या गावांत मिळून ४०० तासांहून अधिक बैठका झाल्या. या जंगलाचा उपयोग साऱ्या जगाला आहे, तर ते तुम्ही राखावे म्हणून जगाने तुम्हाला काय द्यावे, हा त्या बैठकांतला प्रश्न. वेगवेगळ्या गावांनी एकमेकांना न विचारता दोनच गोष्टी मागितल्या: परवडणारा दवाखाना, आणि खत विकत न घेता शेती कशी करायची याचे शिक्षण. कोणी शाळा मागेल, कोणी रस्ता, कोणी थेट पैसे, अशी अटकळ बाहेरच्या माणसाने बांधली असती. ती चुकली असती.

त्यातून उभी राहिलेली व्यवस्था दिसायला साधी आहे, पण तिचा प्रत्येक सांधा विचार करून जोडलेला आहे. ज्या वाडीत तोड बंद आहे तिथल्या रुग्णांना बिलात ७० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. तोड चालू असेल तर सूट कमी होते, पण उपचार कोणालाही नाकारला जात नाही. राहिलेली रक्कम रोख दिलीच पाहिजे असेही नाही. झाडांची रोपे, शेणखत, विणलेली चटई किंवा अंगमेहनत चालते. प्रत्येक वाडीतला एक माणूस ‘साहाबात हुतान’, म्हणजे जंगलाचा सोबती, म्हणून नेमलेला असतो. तो तोडीची माहिती ठेवतो आणि तोडणाऱ्यांशी बोलतो. २०१७ पासून चेनसॉ विकत घेण्याची योजना आली. करवत जमा केली की तिचे पैसे मिळतात आणि वर छोट्या धंद्यासाठी बिनव्याजी भांडवल. करवत हे लाकूडतोड्याचे एकुलते एक भांडवल असते. ती नुसती जप्त केली तर तो दुसरीसाठी उचल घेतो. ती विकत घेऊन तिच्या जागी दुसरे भांडवल दिले, तर दलालाशी असलेला दुवा तुटण्याची शक्यता तरी निर्माण होते.

रोपांनी बिल फेडण्याची कल्पना ऐकायला गोड वाटते, पण तिच्यात खाचखळगे पुष्कळ. रोप घेताना जात पाहावी लागते, नाही तर पटकन उगवणाऱ्या दोनतीन जातींचाच ढीग लागतो. पिशवीच्या तळाशी मुळे गुंडाळी करून बसलेली असतील, तर ते झाड लावल्यावर दोन वर्षे उभे राहते आणि मग वाऱ्याने पडते. बोर्निओच्या जंगलातले मुख्य उंच वृक्ष मेरांतीच्या कुळातले. ते दर वर्षी फळत नाहीत. काही वर्षांच्या अंतराने सगळे एकदम फळतात आणि त्यांचे बी साठवून ठेवता येत नाही, काही दिवसांत रुजले नाही तर मरते. म्हणून त्या हंगामात घाईने बी गोळा करावे लागते, किंवा मोठ्या झाडाखाली उगवलेली रोपटी बुडख्याच्या मातीसकट उचलावी लागतात. ती माती महत्त्वाची, कारण या वृक्षांच्या मुळांना लागणारी बुरशी तिच्यात असते. लागवड तीन बाय तीन मीटरवर केली तर हेक्टरी सुमारे १,१११ रोपे बसतात. पहिली दोनतीन वर्षे प्रत्येक रोपाभोवती मीटरभर गवत काढत राहावे लागते, कारण तिथले ‘आलांग-आलांग’ गवत रोपाला दाबते आणि कोरड्या महिन्यांत पेटते. लागवडीच्या दिवशी फोटो काढून परत जाणाऱ्यांची लागवड याच गवतात जळते.

दहा वर्षांनंतरचा हिशेब २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंडोनेशियातल्या इतर उद्यानांच्या आकड्यांवरून ‘हा दवाखाना नसता तर काय झाले असते’ याचा अंदाज बांधला, तर गुनुंग पालुंगमधली जंगलतोड त्या मानाने ७० टक्क्यांनी कमी भरली, म्हणजे २७.४ चौरस किलोमीटर जंगल वाचले. या काळात २८,४०० हून अधिक रुग्णांनी दवाखान्याचा उपयोग केला. ज्या गावांचा दवाखान्याशी संबंध अधिक, तिथे तोड कमी, असेही त्यात दिसले. वाचलेल्या जंगलात साठून राहिलेल्या कार्बनची किंमत साडेसहा कोटी डॉलरच्या आसपास धरली गेली. संस्थेच्या स्वतःच्या गणतीनुसार सुरुवातीला तोडीवर जगणारी १,३५० घरे होती, ती दीडशेच्या आसपास आली. हा एका उद्यानाचा अनुभव आहे आणि अंदाजाची पद्धत कितीही काटेकोर असली तरी ती अंदाजाचीच. तरी दहा वर्षे टिकलेला परिणाम दाखवणारे गस्तीचे असे उदाहरण जवळपास कुठे आहे, हेही विचारले पाहिजे.

पहिला आक्षेप नैतिक आहे आणि तो गंभीर आहे. शेजाऱ्याने झाड पाडले म्हणून माझ्या आईच्या औषधाची सूट कमी का व्हावी? ही सामूहिक शिक्षाच नाही का? याला ‘पण परिणाम चांगला आहे’ हे उत्तर पुरत नाही. ही योजना तीन अटींवरच न्याय्य ठरते. उपचार बिनशर्त असला पाहिजे, आणि बिलाची चर्चा उपचारानंतर. रोखीशिवाय फेडण्याचा मार्ग प्रत्येकाला, तोडणाऱ्या घरालाही, खुला असला पाहिजे, म्हणजे सूट कमी झाली तरी कोणी दलालाकडे ढकलला जाणार नाही. आणि प्रतवारी आख्ख्या देसाची न करता वाडीची केली पाहिजे. देसात हजारो लोक असतात आणि पाच कोसांवर कोण काय करतो यावर कोणाचाच ताबा नसतो. वाडीत मात्र कोणाच्या अंगणात ताज्या फळ्या रचल्या आहेत हे सगळ्यांना ठाऊक असते. जिथे माहिती आहे आणि समजावण्याइतके नाते आहे, तिथेच सामूहिक जबाबदारी टाकता येते. यातला सर्वांत नाजूक माणूस जंगलाचा सोबती. त्याला खबऱ्या केले तर तो वाडीत एकटा पडतो आणि वर्षभरात खोटी माहिती देऊ लागतो. त्याचे काम तोडणाऱ्याला पर्यायापर्यंत नेणे हेच राहिले पाहिजे. तोड मोजण्यासाठी फेरी वेगळ्या लोकांची आणि उपग्रहचित्रे वेगळी, म्हणजे सगळा दोष एका तोंडावर येत नाही.

दुसरा आक्षेप असा, की १ जानेवारी २०१४ पासून इंडोनेशियात राष्ट्रीय आरोग्य विमा आहे, मग असा दवाखाना हवाच कशाला? विम्याने फार मोठे काम केले आहे यात शंका नाही. पण स्वतः हप्ता भरणाऱ्या कुटुंबाचा हप्ता थकला की कार्ड बंद पडते, आणि हंगामी कमाईच्या घराचा हप्ता हमखास थकतो. विमा बोटीचे भाडे देत नाही, सोबत गेलेल्या माणसाची बुडालेली मजुरी देत नाही, त्याच्या जेवणाचे देत नाही. क्षयरोगाचे औषध फुकट असले, तरी सहा महिने न चुकता घ्यायचे असते. त्यासाठी वाडीतच कोणीतरी रोज गोळी गिळलेली पाहणारा लागतो. माझ्या मते वनखात्याच्या पैशाची खरी जागा इथे आहे: जंगल राखणाऱ्या वाड्यांचे विम्याचे हप्ते भरणे, रुग्णवाहिकेची बोट चालवणे आणि गोळी देणाऱ्या स्वयंसेविकेला मानधन देणे. २०१५ पासून केंद्राकडून देसाला थेट येणारा ग्रामनिधी आहेच, त्याचा काही भाग या कामाला जोडता येईल. देणगीवर चालणारा दवाखाना देणगीदार दमला की दमतो. हप्त्याची तरतूद अंदाजपत्रकात गेली की ती दरसाल मागता येते.

कायदा पाळण्याबद्दल पैसे का मोजायचे, असेही विचारतात. पण गावाने काही पिढ्या वापरलेले जंगल नकाशावरच्या रेघेने एका दिवसात त्याचे राहिले नाही, आणि त्या रेघेचा लाभ बाकीचे जग घेते. त्या लाभातला वाटा देणे हे उपकार नव्हेत.

दवाखान्याने सगळे होत नाही, आणि तसा दावा करणे नुकसानीचे ठरेल. गावांनी मागितलेली दुसरी गोष्ट, खताची, तितकीच कळीची आहे. इथल्या तांबड्या मातीत एकदोन पिके घेतली की कस जातो. मग नवा तुकडा जाळून मोकळा करायचा आणि रान मागे सरकवायचे. त्याच जमिनीवर राहायचे तर खत लागते, आणि विकतच्या खताला पुन्हा रोकड. त्यामुळे तिथे ‘बोकाशी’ शिकवतात: शेण किंवा बकरीच्या लेंड्या, भाताचे तूस, तांदळाचा कोंडा, काकवी आणि सूक्ष्मजीवांचे विरजण. ओल इतकी, की मूठ आवळली तर गोळा होतो, थेंब गळत नाही आणि बोटाने टोचला की फुटतो. ढीग झाकून ठेवायचा. आत हात घातला आणि चटका बसला, म्हणजे पन्नास अंशांच्या वर गेला, की उलटायचा. दोन आठवड्यांत वापरायला येते. चुकते ते बहुधा पाण्यात. पावसाळी हवेत उघडा ढीग भिजतो, कुजून आंबूस वास मारतो, आणि शेतकरी म्हणतो की हे खत आमच्याकडे जमत नाही. वर छप्पर हवे, एवढेच त्याला सांगायचे राहिलेले असते. दवाखान्यात शेणखताने बिल फेडता येते, ते याच बागांसाठी.

पीटची जमीन हा वेगळाच प्रश्न आहे. ही माती म्हणजे हजारो वर्षे साचलेला, न कुजलेला पालापाचोळा. लाकूड तरंगवण्यासाठी किंवा लागवडीसाठी तिच्यात चर खणला की पाणी उतरते, जमीन खचते आणि कोरडी झालेली माती जमिनीच्या आतून धुमसत राहते. २०१५ च्या वणव्यांत इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळाले, आणि जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर धरले. सरकारी नियम सांगतो की पाण्याची पातळी पृष्ठभागाखाली ४० सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ नये. त्यासाठी चरात बांध घालतात: खुंटांच्या दोन रांगा, मध्ये मातीच्या गोण्या, वर सांडवा. एकच उंच बांध घातला तर दोन्ही बाजूंच्या पातळीतल्या फरकाने तो फुटतो किंवा पाणी बगलेतून वाट काढते, म्हणून लहान बांधांची पायऱ्यांसारखी मालिका हवी. आणि तो चर ही गावाची बोटवाटही असते. बोट ओढून पलीकडे नेण्याची सोय ठेवली नाही, तर रात्रीतून बांध फुटतो आणि अहवालात ‘स्थानिकांचे असहकार्य’ असे लिहिले जाते. उद्यानाच्या उत्तरेकडे पादू बांजारसारख्या गावांना पीटचे जंगल ‘हुतान देसा’, म्हणजे ग्रामवन, म्हणून ३५ वर्षांच्या मुदतीने सांभाळायला मिळाले आहे. बांध कुठे घालायचा हे तिथे गावच ठरवू शकते. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत असा हक्क कायद्यानेच मिळत नाही. ही तफावत दूर व्हायला हवी.

आणि मग पामतेल. दवाखाना एका लाकूडतोड्याला थांबवू शकतो, हजारो हेक्टरच्या मळ्याला नाही. पामचा पहिला तोडा लागवडीनंतर साधारण तीन वर्षांनी येतो, मग वीसपंचवीस वर्षे दर पंधरवड्याला घड उतरत राहतात. वाडीतल्या घराला हवी असते ती नेमकी अशी नियमित रोकड, म्हणून लहान शेतकऱ्याला पाम लावल्याबद्दल दोष देणे मला पटत नाही. मळ्यांच्या कंपन्यांवर क्षेत्राच्या २० टक्के इतकी लागवड आसपासच्या लोकांसाठी उभी करून देण्याचे बंधन कायद्याने आहे. ते पाळले जाते की नाही हे पाहणे सरकारचेच काम आहे, दवाखान्याचे नाही. युरोपीय संघाने २०२३ मध्ये कायदा केला, की ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा माल घ्यायचा नाही. त्याची अंमलबजावणी लांबत गेली. शिवाय प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश मागणारी ही अट कंपनीला सोपी आणि दोन हेक्टरवाल्याला अवघड आहे.

भारत हा जगातला सर्वांत मोठा पामतेल आयातदार, आणि आपला मोठा पुरवठादार इंडोनेशिया. २८ एप्रिल ते २३ मे २०२२ या काळात त्या देशाने निर्यात थांबवली तेव्हा इथल्या फरसाणवाल्यांपर्यंत भावाची झळ आली होती. त्याच वर्षीच्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत दिला: रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल. स्वस्त तेल गरीब घराला मिळावे याबद्दल वाद नाही. पण इतकी मोठी खरेदी करणारे सरकार पुरवठादाराला एक प्रश्न नक्की विचारू शकते. पामचे घड तोडल्यानंतर साधारण चोवीस तासांत गाळावे लागतात, नाही तर तेलातले आम्ल वाढून ते उतरते. त्यामुळे फळ फार लांबून येऊ शकत नाही, आणि तेलगिरणीचे नाव कळले की फळ कुठल्या टापूतले तेही बरेचसे कळते. मोठ्या तेल कंपन्या आपल्या गिरण्यांच्या याद्या आजही प्रसिद्ध करतात. शिध्यासारख्या खरेदीच्या निविदेत ती यादी जोडण्याची एक ओळ घालायला कुठलाही नवा कायदा लागत नाही, आणि त्या यादीत सुकादानाच्या कायोंग उतारा किंवा शेजारच्या केतापांग जिल्ह्यातली गिरणी निघाली, तर उद्यानाच्या हद्दीपासून ती किती अंतरावर आहे हे नकाशावर पट्टी ठेवून मोजता येते.